थर्मोवुडचा तपकिरी रंग आणि त्यावरचा क्लिअर कोट

थर्मोवुड म्हणजे भट्टीत वाफेच्या आवरणात खूप तापवलेले लाकूड; तापण्यानेच ते तपकिरी होते. त्यातला पाइन सागाच्या जवळ जाणारा दिसतो म्हणून घेतला जातो आणि तो रंग उडाला की तक्रार येते. तक्रारीत एक वाक्य हमखास असते: ‘क्लिअर कोटचे दोन हात मारले होते तरी.’ क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, पाणी अडवतो. प्रकाश मात्र आत सोडतो, नाहीतर खालचे लाकूड दिसलेच नसते. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

मुळात हा रंग कोणाला हवाच नव्हता. अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत अल्फ्रेड स्टॅम आणि त्यांचे सहकारी लाकडाचे फुगणे-आकसणे कमी करण्याच्या मागे होते. 1946 मध्ये त्यांनी मांडलेले ‘स्टेबवुड’ वितळलेल्या धातूखाली दाबून तापवले जाई, म्हणजे हवा लागायला नको. फुगणे कमी झाले, पण लाकूड ठिसूळ झाले आणि बाजारात काही ते रुजले नाही. 1970 च्या दशकात जर्मनीत बुर्मेस्टर यांनी ओलावा, उष्णता आणि दाब एकत्र वापरून पाहिले. धंदा उभा राहिला तो 1990 च्या दशकात, फिनलंडमध्ये. तिथल्या व्हीटीटी या संशोधन संस्थेने उद्योगांबरोबर वाफेच्या आवरणातली भट्टी विकसित केली आणि त्यातूनच ‘थर्मोवुड’ हे नाव आले.

पद्धत तीन टप्प्यांची. आधी तापमान 100 अंश आणि मग 130 अंशांपर्यंत नेऊन लाकूड जवळपास कोरडे करतात. मग पाइनसारखे सूचिपर्णी लाकूड ‘थर्मो-एस’ वर्गासाठी 190 अंशांच्या, तर ‘थर्मो-डी’साठी 212 अंशांच्या आसपास दोन-तीन तास ठेवतात. शेवटी पाण्याच्या फवाऱ्याने थंड करून ओलावा 4 ते 7 टक्क्यांवर आणतात. ‘एस’ म्हणजे स्थिरता, ‘डी’ म्हणजे टिकाऊपणा. रंगाचे अक्षर या वर्गवारीत नाही, हे लक्षात घ्यावे.

तापवताना सर्वांत आधी हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडातला शर्करांच्या साखळ्यांचा घटक, फुटते. त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि शर्करा व लिग्निन (लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारा घटक) यांच्या तुकड्यांपासून तपकिरी संयुगे तयार होतात. त्यात क्विनोनसारखी प्रकाश शोषणारी रसायने असतात. रंग फळीत आरपार जातो, म्हणून ‘हा डाय नाही, उतरणार नाही’ असे विक्रेते सांगतात. पहिला भाग खरा आहे. पण अतिनील किरण लाकडात साधारण 75 मायक्रोमीटर आणि दृश्य प्रकाश 200 मायक्रोमीटरच्या आसपास शिरतो, आणि डोळ्यालाही तेवढाच वरचा पापुद्रा दिसतो. खाली कितीही तपकिरी असेना, त्याचा उपयोग रंधा मारल्यावरच.

सुरुवातीच्या चाचण्यांनी थोडी दिशाभूलही केली. फ्रान्समध्ये नायट्रोजनमध्ये 240 अंशांवर तापवलेल्या लाकडाला 835 तास अतिनील दिवे दाखवले, तेव्हा ते साध्या लाकडापेक्षा रंगाला अधिक स्थिर निघाले. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झाले. निष्कर्ष चुकीचा नव्हता, पण दिव्यांखाली पाऊस नव्हता. बाहेर प्रकाश लिग्निन तोडतो, पाणी ते तुकडे धुऊन नेते, मागे फिकट सेल्युलोज उरते, त्यावर काळपट बुरशी बसते आणि फळी करडी होते. घरात वेगळीच गंमत: साधा पाइन उजेडात पिवळा-गडद होतो, तर थर्मोवुड फिकट पडते. गालिचा उचलला की साध्या पाइनच्या जमिनीवर खाली फिकट चौकोन दिसतो, थर्मोवुडवर गडद.

या लाकडावर क्लिअर कोट एकाच वेळी तीन कामे करतो, आणि त्यांचा गोंधळ झाला की निदान चुकते. पहिला परिणाम लगेच दिसतो: तंतूंमधल्या हवेची जागा रेझिन घेते, प्रकाश कमी विखुरतो आणि फळी एका हातात गडद होते. तेल आणि सॉल्व्हंटचे वार्निश जास्त गडद करतात, पाण्यातले ॲक्रिलिक सर्वांत कमी. दुसरा परिणाम लेपाचा स्वतःचा: पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या दोन जातींपैकी ॲरोमॅटिक पीयू, तसेच नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळे पडतात, ॲलिफॅटिक पीयू फारसे नाही. खाली लाकूड फिकट होत असताना वरचा थर पिवळा झाला, तर काही महिने ‘रंग टिकलाय’ असे वाटते. तिसरा परिणाम म्हणजे लेपातून आत गेलेला प्रकाश, आणि खरा झगडा त्याच्याशी आहे.

त्यासाठी बेंझोट्रायाझोलसारखे अतिनील-शोषक आणि हाल्स, म्हणजे मुक्त मूलके (प्रकाशामुळे तयार होणारे, नासाडी पुढे नेणारे अस्थिर तुकडे) निकामी करणारी अमाइन संयुगे, वार्निशात आली. घन रेझिनच्या वजनावर शोषक साधारण 1 ते 3 टक्के घालतात. शोषण थराच्या जाडीवरही अवलंबून असते. त्यामुळे 20 मायक्रोमीटरच्या पातळ थरात चांगले रसायनही अपुरे पडते. शिवाय जांभळा दृश्य प्रकाशही लाकूड बिघडवतो, आणि तो अडवायचा तर लेपाला पिवळट छटा येणारच. कॅनडात शिकूतिमीच्या विद्यापीठात तापवलेल्या जॅक पाइनवर ॲक्रिलिक पीयूमध्ये सालीचा अर्क, लिग्निन-स्थिरक आणि सिरियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण घालून पाहिले गेले. बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत तापवलेल्या रबरवुड आणि सिल्व्हर ओकवर प्रकाशाचा परिणाम तपासला गेला. बदल मंदावता येतो. पूर्ण पारदर्शक राहून तो थांबवणारा लेप मात्र अजून कोणाच्या हाती नाही. म्हणून उत्पादक बाहेरच्या कामाला लोह-ऑक्साइडची छटा असलेले तेल सुचवतात, आणि आमच्या मते तेच शहाणपणाचे.

तरीही क्लिअर कोटच हवा असेल, तर तयारी नेमकी हवी. 120-150 नंबरचा पॉलिश पेपर पुरे. धारदार कडा 2-3 मिलिमीटर गोल कराव्यात, कारण कडेवर थर पातळ होतो आणि तडा तिथूनच जातो. फळीची टोके लेपाने दोनदा-तीनदा भरून घ्यावीत. हे लाकूड पाणी हळू शोषते, म्हणून पाण्यातल्या लेपाला वाळायला जास्त वेळ द्यावा; घाई केली की दुसरा हात पहिल्याला ओढतो. लाकूड आम्लधर्मी असल्याने खिळे-स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. साध्या लोखंडाभोवती काळे डाग उमटतात. तडा गेला की पाणी लेपाखाली शिरते, खाली करडे ठिपके दिसतात आणि थर पोपड्यांनी निघतो. अशा वेळी वरून नवा हात देऊन भागत नाही; करडा पापुद्रा घासून तपकिरी लाकूड उघडे करावे लागते.

काम हाती घेण्यापूर्वी त्याच गठ्ठ्यातल्या तुकड्यावर ठरलेला लेप लावून अर्ध्या भागावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळावे आणि तुकडा दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर ठेवावा. फॉइल काढल्यावर मधे दिसणारी रेघ गिऱ्हाईकाला ऑर्डरआधीच दाखवावी.