एमसीबी वर राहत नाही, म्हणजे तो गेलाच असं नाही

एमसीबी म्हणजे जादा करंट आला की आपोआप खाली पडून वीज तोडणारा बोर्डातला खटका. ‘एमसीबी सारखा पडतोय? ३२ अँपिअरचा टाका,’ हा सल्ला घातक. २.५ चौरस मिमी वायरवर १६ऐवजी ३२ बसवला, तर तो पडण्याआधी वायर तापते.

खटका आधी पूर्ण खाली ओढा, मग वर करा. ओव्हरलोडने पडला असेल तर दोन-तीन मिनिटं थांबा, आतली पट्टी निवू द्या. दाबून धरण्यात अर्थ नाही, आतून तो सुटतोच. त्या लाइनवरचे सगळे प्लग काढूनही पडला, तर दोष बहुधा वायरिंगमध्ये, इलेक्ट्रिशियन बोलवा.

टेस्टचं बटण असलेला आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा खटका) पडत असेल, तर गीझरचं नुसतं बटण बंद करून भागत नाही. ते बहुधा फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतं, न्यूट्रलकडून (परतीच्या तारेतून) गळती चालूच राहू शकते. प्लगच उपसा.