पळणाऱ्यांच्या धमन्यांत कॅल्शियम जास्त कसं?

पंचेचाळिशीत पळायला लागलेला माणूस पन्नाशीत मॅरेथॉन मारतो, मग सहज म्हणून सीटी स्कॅन करून कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचं माप) काढतो तर तो येतो दीडशे, आणि सोफ्यावर लोळणाऱ्या मित्राचा शून्य! डोकं फिरणारच.

१९७० च्या दशकात टॉम बॅसलर नावाचे एक अमेरिकन डॉक्टर छातीठोकपणे सांगायचे की मॅरेथॉन पळणाऱ्याला हार्ट अटॅक येतच नाही. मग १९८४ मध्ये जॉगिंगचा प्रचारक जिम फिक्स पळतानाच गेला, वय ५२, धमन्या ब्लॉक. अर्थात तो आधी भरपूर सिगारेटी ओढायचा आणि वडीलही हार्टनेच लवकर गेलेले, हे लोक सांगायचं विसरतात.

२०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या २८४ हौशी खेळाडू पुरुषांचे स्कॅन बघितले तर सगळ्यात जास्त व्यायाम करणाऱ्यांपैकी ६८ टक्के जणांच्या धमन्यांत कॅल्शियम, सगळ्यात कमीवाल्यांत ४३. पण गंमत पुढे आहे. जास्तवाल्यांचा प्लाक (धमनीच्या भिंतीत साचलेला चरबी-कॅल्शियमचा थर) बराचसा दगडासारखा कडक होता, आणि कडक प्लाक सहसा फुटत नाही, अटॅक बहुतेकदा मऊ प्लाक फुटून तिथे गुठळी झाल्यामुळे येतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांचंही असंच, त्या घेतल्यावर स्कोअर वाढू शकतो पण अटॅकचा धोका कमी होतो.

म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण २०२३ च्या बेल्जियमच्या अभ्यासात आयुष्यभर व्यायाम करणाऱ्यांत मऊ प्लाकही कमी नव्हता. दुसरीकडे अमेरिकेत वीसेक हजार पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तेव्हा खूप व्यायाम करणाऱ्यांत स्कोअर जास्त निघाला तरी मृत्यू काही वाढले नाहीत.

हे होतं कशामुळे? पळताना वाढणारं बीपी, धमनीच्या वळणांवर रक्ताचे धक्के, व्यायामाने वर जाणारं पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं), असे अंदाज आहेत, पक्कं काही नाही. त्याच डच लोकांना सहाएक वर्षांनी परत तपासलं तर एकूण व्यायाम किती यापेक्षा अगदी जीव काढून केलेल्या व्यायामाचा कॅल्शियम वाढण्याशी जास्त संबंध दिसला.

त्यामुळे दीडशे बघून शूज फेकून देऊ नका, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), बीपी, शुगर, घरातली हिस्टरी डॉक्टरांसमोर मांडा. आणि नेहमीच्याच चढावर छातीत दडपण आलं किंवा अचानक दम लागायला लागला तर स्कोअर शून्य असला तरी तपासून घ्या, कारण मऊ प्लाक त्या स्कोअरमध्ये मोजलाच जात नाही.