कबुतराच्या स्वादुपिंडापासून खारघरपर्यंत

पेशींतला मेद वेगळा काढायची कृती १९५०च्या दशकात बसली, ती फारशी बदललेली नाही. पेशी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये घुसळायच्या, पाणी घालायचं, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. वर पाणी-मिथेनॉल, तळाशी क्लोरोफॉर्म आणि दोहोंच्या मधे सायीसारखी प्रथिनांची पांढरी चकती. पिपेटचं टोक त्या सायीतून अलगद खाली न्यायचं, कारण मेद तळच्या थरात असतो. हात हलला की साय फुटते आणि दिवस वाया जातो.

या मेदाकडे शास्त्रज्ञांनी फार काळ फक्त बांधकामाचा माल म्हणून पाहिलं. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेंडल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद पाण्यावर पसरून मोजला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला, म्हणजे पेशीचं पटल, तिचं बाहेरचं आवरण, दुपदरी. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, पण त्यांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी हे पटल प्रवाही असल्याचं मांडलं. तरी त्यात काम करणारी ती प्रथिनं, मेद म्हणजे ती ज्यात तरंगतात तो द्रव, हीच समजूत राहिली.

खरं तर वेगळा सुगावा १९५३ मध्येच लागला होता. मेबल आणि लोवेल होकिन हे दांपत्य कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांवर काम करत होतं. शोध होता आरएनएचा. चकत्यांना किरणोत्सारी फॉस्फरस-३२ दिला, वर ॲसिटिलकोलिन, म्हणजे मज्जातंतूंचा निरोप पेशीला पोचवणारं रसायन, टाकलं. फॉस्फरस झपाट्याने मुरला, पण आरएनएत नव्हे, सोबत आलेल्या मेदात! दुसऱ्या कुणी ती भेसळ म्हणून सोडून दिली असती. होकिन दांपत्याने तिचाच पाठलाग केला, आणि मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

फॉस्फरस-३२चं अर्धायुष्य जेमतेम १४ दिवसांचं, त्यामुळे तो साठवून ठेवता येत नाही. अणुभट्टीत तो गंधकापासून बनवता येतो. आपल्याकडे अशा समस्थानिकांचा पुरवठा पाहणाऱ्या ‘ब्रिट’चं मुख्यालय वाशीत आहे आणि अणुभट्ट्या खाडीपलीकडच्या तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला; सानपाड्याजवळचं तुर्भे ते वेगळं.

होकिन यांना दिसलं ते मेद पुन्हा बांधला जाणं होतं. मूळ घटना तो तुटण्याची. हा धागा १९७५ मध्ये रॉबर्ट मिशेल यांनी कॅल्शियमशी जोडला. १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तुटलेल्या मेदाचा एक तुकडा, आयपी-३, पेशीत आत जाऊन कॅल्शियमचे साठे उघडतो. हा प्रयोगही स्वादुपिंडाच्याच पेशींवर झाला. मधे ३० वर्षं गेली होती.

खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’सारख्या कॅन्सरवर उपचार आणि संशोधन करणाऱ्या संस्थेला हा विषय परका का नाही, हे त्यापुढच्या घडामोडींतून कळतं. तिथली कॅन्सर संशोधन संस्था १९५२ साली परळला सुरू झाली आणि पुढे खारघरला आली. पेशीपटलाच्या आतल्या बाजूच्या एका मेदावर जास्तीचा फॉस्फेट चढला की पेशीला वाढीचा निरोप जातो. १९९७ मध्ये पीटेन हे जनुक मेंदू, स्तन आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये बिघडलेलं सापडलं. त्याचं प्रथिन इतर प्रथिनांवरचा फॉस्फेट काढत असणार, असा तेव्हाही पहिला अंदाज होता. वर्षभरात कळलं, ते मुख्यतः मेदावरचा फॉस्फेट उतरवतं.