न्हाणीघरातील विद्युत सॉकेट

वॉश बेसिनजवळ किंवा न्हाणीघरात दाढीचे यंत्र, हेअर ड्रायर, गीझर इत्यादींसाठी बसविलेले सॉकेट. ओल्या त्वचेचा रोध (विद्युत प्रवाहाला होणारा विरोध) बराच घटतो. शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला सु. २३० मिलिअँपिअर (मिअँ.) प्रवाह वाहतो, हृदयाचे ठोके विस्कटण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

जागेबाबतचे संकेत वरवर पाहता परस्परविरोधी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार बेसिनच्या कडेपासून ३ फुटांच्या आत निदान एक सॉकेट असावेच लागते. मात्र न्हाणीघरातील सॉकेटना १९७५ पासून गळती-प्रवाह खंडकाचे (जमिनीकडे प्रवाह गळताच पुरवठा तोडणाऱ्या साधनाचे) संरक्षण सक्तीचे आहे. ब्रिटनमध्ये टब वा शॉवरभोवतीच्या ‘क्षेत्र १’च्या सीमेपासून नेहमीचे सॉकेट ३ मी. (२०२२ च्या दुरुस्तीनंतर २.५ मी.) दूर ठेवतात. तेथे बेसिनशेजारी सहसा फक्त दाढीच्या यंत्राचे सॉकेट दिसते. त्यातील विलगक रोहित्रामुळे (पुरवठ्यापासून मंडल वेगळे ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमुळे) दुय्यम म्हणजे सॉकेटकडील बाजूचा जमिनीशी संबंध राहत नाही व एकाच तारेला हात लागल्यास मंडल पूर्ण होत नाही.

गळती-प्रवाह खंडकात फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वलयाकार गाभ्यातून नेतात. जाणारा व परतणारा प्रवाह समान असेपर्यंत गाभ्यातील चुंबकीय परिणाम शून्य असतो. काही प्रवाह शरीरावाटे जमिनीत गेला की तोल ढळतो, शोधक वेटोळ्यात दाब निर्माण होतो व पुरवठा तुटतो. या साधनाच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. अमेरिकी लेखक ते श्रेय बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डालझील यांना (१९६१) देतात, ऑस्ट्रियन लेखक गोटफ्रीट बीगलमायर यांना. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींच्या संदर्भात हेन्री रुबिन यांचे नाव घेतले जाते. बीगलमायर व रुबिन यांचे काम साधारणतः १९५० नंतरच्या दशकातील दिसते. प्रवाहांच्या फरकावर आधारलेले जर्मन एकस्व (पेटंट) मात्र बहुधा १९२८ च्या सुमाराचे असल्याने मूळ कल्पना त्याहून अलीकडची मानता येत नाही. डालझील यांचे महत्त्व मापनात अधिक आहे : हातातील तार स्वतःहून सोडता येईल असा कमाल प्रवाह त्यांनी प्रयोगांनी ठरविला (पुरुषांत सरासरी सु. १६ मिअँ., स्त्रियांत सु. १०.५ मिअँ.). अमेरिकी खंडक ४ ते ६ मिअँ.ला तुटतो तो यामुळेच. यूरोपात व भारतात व्यक्तिसंरक्षणासाठी ३० मिअँ. ही मर्यादा रूढ आहे. तेथे भर प्रवाह किती क्षणांत तुटतो यावर आहे.

भारतात खंडकाला वायरमन ‘आरसीसीबी’ किंवा जुन्या सवयीने ‘ईएलसीबी’ म्हणतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत तो आवश्यक ठरविला गेला, पण ५ किलोवॉटखालील घरगुती जोडण्या वगळून. म्हणजे लहान घरे तेव्हा बाहेरच राहिली. टबाभोवती आखलेली क्षेत्रे येथील न्हाणीघराला नीट लागू पडत नाहीत. तळपात्र नसलेल्या शॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मानक पाण्याच्या तोटीपासून १.२ मी. अंतर व २.२५ मी. उंचीपर्यंत क्षेत्र १ धरते. चार फूट रुंदीच्या न्हाणीघरात बेसिनही बहुधा याच क्षेत्रात येते, आणि सॉकेटला भिंतीवर वरच जागा उरते. गीझरचे १६ अँपिअरचे सॉकेट बरेच उंचावर बसवितात, ते या दृष्टीने योग्यच. बादलीत सोडायच्या हीटिंग रॉडसाठी मात्र खालचेच सॉकेट वापरले जाते. आरसीसीबी असली, तरी एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लागल्यास जमिनीकडे गळती होत नाही, त्यामुळे ती तुटत नाही.