गाडी थाटाची, मुक्काम साधा: बसने तुर्कस्तान फिरणाऱ्यांसाठी

तुर्कस्तानची चौकशी करायला आमच्या ऑफिसात आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "हॉटेल किती स्टार?" आणि लगेच दुसरं, "रात्रभर बस? कंबरेचं काय होणार?" काळजी करायची ती नेमकी उलटी. तिकडची लांब पल्ल्याची बस तुम्ही समजता त्यापेक्षा खूप चांगली असते आणि आम्ही देतो त्या खोल्या तुम्ही समजता त्यापेक्षा साध्या. म्हणून पैसे भरण्याआधी हे वाचा. वाचून बेत बदललात तरी आम्हाला वाईट वाटणार नाही. तिकडे जाऊन नाराज होण्यापेक्षा ते बरं.

आमची नेहमीची वाट अशी: इस्तंबूल, तिथून रात्रीच्या बसने कॅपाडोकियातलं गोरेमे, मग कोन्यामार्गे अंताल्या आणि शेवटी किनाऱ्यावरचं ओलिम्पोस आणि चिराली. टूर मॅनेजर सोबत नसतो. तिकिटं आणि मुक्काम आम्ही ठरवून देतो, पुढचं तुमचं तुम्ही.

बस

बसस्टँडला तिकडे 'ओतोगार' म्हणतात. प्रत्येक कंपनीची खिडकी वेगळी आणि गिऱ्हाईक ओढायला "अंकारा, अंकारा, अंकारा" असा पुकारा. स्वारगेटला ज्यांनी उमेदवारी केली आहे ते इथे अजिबात घाबरत नाहीत. खासगी बसचा धंदा तिथे जुना आहे; कामिल कोच ही कंपनी १९२६ पासूनची. एकाच रस्त्यावर चार-पाच कंपन्या धावतात, त्यामुळे गाड्या चकचकीत ठेवाव्याच लागतात. चांगल्या गाडीत एका बाजूला जोडीच्या जागा, दुसऱ्या बाजूला एकेरी. तिकिटाला पासपोर्ट नंबर लागतो. एकट्या बाईशेजारी अनोळखी पुरुषाला सहसा बसवत नाहीत. 'बायान यानी' म्हणजे बाईशेजारची जागा, असं तिकीट काढतानाच बघतात. आईला किंवा मुलीला एकटीला पाठवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं की निम्मी धाकधूक कमी होते.

गाडीत ड्रायव्हरशिवाय एक 'मुआविन' असतो. आपल्याकडचा क्लीनर म्हणा, पण पांढरा शर्ट घातलेला. गाडी शहराबाहेर पडली की तो ढकलगाडी घेऊन येतो: चहा, पाकिटातली कॉफी, केकचा तुकडा, पाणी. पुष्कळ गाड्यांत आधी एक बाटली फिरते. तो ओंजळ पुढे करायची खूण करतो आणि हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओततो, ते 'कोलोन्या'. चोळायचं, मानेला लावायचं. तीर्थ समजून पिऊ नका. आमच्या एका काकांनी हात तोंडापर्यंत नेला होता.

गाडीत बहुधा संडास नसतो. दर दोन-तीन तासांनी 'मोला', म्हणजे थांबा होतो. मुआविन मिनिटं सांगतो, ती नीट ऐका आणि उतरण्याआधी गाडीचा नंबर पाहून ठेवा. पहिल्या खेपेला मी रात्री दोन वाजता सूप संपवून बाहेर आले, तर समोर एकसारख्या पांढऱ्या गाड्यांची रांग आणि लांब दांड्याच्या ब्रशने त्यांची आंघोळ चाललेली. माझी कोणती, पत्ता नाही. नंबर सोपा असतो. आपल्याकडे एमएच १२ म्हणजे पुणे, तसे तिकडे पहिले दोन आकडे जिल्ह्याचे: ३४ इस्तंबूल, ५० नेवशेहिर, ०७ अंताल्या. पुढचे अक्षर-आकडे हातावर लिहून घ्या.

इस्तंबूल ते गोरेमे हे अंतर सुमारे ७५० किलोमीटर, म्हणजे अकरा-बारा तास. इथे एक घोळ नेहमी होतो. काही गाड्या गोरेमेच्या नावाने तिकीट देतात आणि पहाटे अलीकडच्या नेवशेहिर शहरातच उतरवतात. ('नेव' म्हणजे नव आणि 'शेहिर' म्हणजे शहर, अर्थ सांगायला नको. फारसी-अरबी शब्द त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. हवा, दुकान, मैदान, तारीख हे शब्द तिथे कानावर पडले की दचकायला होतं.) असं झालं तर टॅक्सीवाल्याच्या मागे लागू नका. कंपनीची 'सर्व्हिस', म्हणजे पुढे सोडणारी छोटी गाडी, आहे का ते तिकीट दाखवून विचारा. आम्ही तिकिटावर गोरेमे ओतोगार असं स्पष्ट लिहून घेतो, तरीही विचाराच.

जवळच्या गावांना 'दोल्मुश' नावाच्या छोट्या शेअर गाड्या जातात. शब्दाचा अर्थ 'भरलेलं', आणि भरलेल्या भाजीला म्हणतात ते 'दोल्मा' त्याचंच भावंड. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या मंडळींना एका शब्दात सांगायचं तर वडाप. पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे तसेच परत येतात. उतरायचं असलं की "इनेजेक वार!" म्हणायचं.

मुक्काम

गोरेमेत दगडात कोरलेली खोली मिळते. हा दगड ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. खोली उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार राहते, पण छताची बारीक भुकटी रात्रभर पांघरुणावर पडते. सकाळी चादर झटकावी लागते आणि ही अस्वच्छता नव्हे. खिडकी एखादीच, तीही लहान. मोबाइलला रेंज दारात उभं राहिल्यावर. दाराची चौकट बुटकी असते, उंच माणसांनी कपाळ सांभाळावं.

ओलिम्पोसला 'ट्री हाउस' मिळेल असं आम्ही सांगतो, तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर झाडावरची मचाण येते. खरं म्हणजे बहुतेक ठिकाणी ती खांबांवर उभी केलेली लाकडी खोपटी असतात. परिसर पुरातत्त्वाच्या संरक्षणाखाली आहे, तिथे सिमेंटचं बांधकाम चालत नाही, म्हणून लाकूड. फळ्यांच्या फटीतून शेजारच्या खोलीतलं घोरणं ऐकू येतं. संडास-बाथरूम कधी खोलीत, कधी अंगणापलीकडे. हवं ते बुकिंग करताना सांगा. पाणी पुष्कळदा छपरावरच्या सौर बंबात तापतं, त्यामुळे आंघोळ संध्याकाळी करावी. सकाळी आठला पाणी गार आलं म्हणून आम्हाला फोन करू नये. एक दिलासा: संडासात पाण्याचा नळ असतो. मात्र कागद वापरलात तर तो भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाका.

समुद्रावर जायची वाट लिशिया या प्राचीन प्रदेशातल्या जुन्या शहराच्या पडक्या भिंतींमधून जाते, त्याला प्रवेश तिकीट आहे. शेजारच्या चिरालीत दोन गोष्टी चुकवू नका. यानार्ताश या उतारावर खडकांच्या फटींतून वायू येतो आणि उघड्यावर जळत राहतो. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन चढा. दुसरं, चिरालीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्री कासवं अंडी घालतात. वेळासला कासवं पाहिलेल्यांना नियम ठाऊक आहेतच: रात्री वाळूत दिवे नकोत, गलका नको.

खाणं

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारायची सवय हवी. नाश्त्याला पाव, काकडी, टोमॅटो, ऑलिव्ह, चीज, मध, अंडं. बाई बैठ्या गोल पाटावर बसून काठीएवढ्या बारीक लांब लाटण्याने कागदासारखी पोळी लाटते, त्यात पालक किंवा बटाटा भरून तव्यावर भाजते, ते 'गोझलेमे'. सोबत 'आयरान' घ्या. मीठ घातलेलं ताकच ते. मसूरडाळीचं सूप सगळीकडे मिळतं, पण ते कधी मटणाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. "एत सुयू वार म?" असं विचारा, म्हणजे 'मांसाचं पाणी आहे का'. जैन मंडळींनी आधी आमच्याशी बोलावं. दुधाचा चहा विसरा.

निघण्यापूर्वी

अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसाला अर्ज करता येतो. नसेल तर रीतसर अर्ज, आणि त्याला वेळ लागतो. नियम बदलतात, म्हणून विमानाचं तिकीट आम्हाला विचारून काढा. रमझानच्या आणि बकरी ईदच्या सुट्टीत आम्ही बुकिंग घेत नाही. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी गत होते, तीच त्या दिवसांत तिथे होते. खेड्यात लागतील तेवढे लिरा रोख ठेवा. चाकांची मोठी बॅग नको; ओलिम्पोसला वाट खडीची आहे. घरी फोन करताना आपण अडीच तास पुढे आहोत हे विसरू नका.

चौकशीला येताना पासपोर्ट आणि जुने व्हिसे घेऊन या. गुडघ्याचा किंवा घोरण्याचा त्रास असेल तर तेव्हाच सांगा, खोली त्याप्रमाणे बघतो. चहा आमच्याकडे दुधाचा मिळतो.