‘देव सगळ्यांत आहे’ आणि ‘देव आत राहायला येतो’

‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात, देव तुमच्या आतच आहे.’ हे वाक्य दिसलं की पुढचं मला पाठ असतं : ‘येशूसुद्धा हेच म्हणाला होता, देवाचं राज्य तुमच्या अंतरात आहे.’ खाली जोडलेले हात आणि एखादं कमळ. एकोप्याच्या भावनेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत, आणि दाखला म्हणून काढलेलं वाक्य तर भलत्याच जागेवरचं आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात ते येशू परूशी या ज्यू धर्मपंथाच्या लोकांना म्हणतो, म्हणजे त्याच्या पाळतीवर असलेल्या मंडळींना. मूळ ग्रीक ‘एन्तोस’ या शब्दातून ‘आत’ आणि ‘तुमच्यामध्ये, तुमच्या देखत’ असे दोन्ही अर्थ निघतात. पण समोरची माणसं पाहता दुसरा अर्थ जास्त जुळतो, आणि आजची बरीच भाषांतरं तोच घेतात. तेव्हा ते वाक्य बाजूला ठेवू.

चराचरात भरून राहिलेला देव मराठी वाचकाला मी काय समजावणार! ओव्या-अभंगांवर वाढलेल्याला ते बाळकडूच असतं. ख्रिस्ती श्रद्धेतही देव सर्वव्यापी आहेच. बायबलमधल्या 139व्या स्तोत्राचा कवी विचारतो, तुझ्यापासून पळून जाऊ कुठे? वर आकाशात तू, खाली अधोलोकातही तू. येशूचा प्रेषित पौल अथेन्समध्ये बोलताना म्हणतो की त्याच्याच ठायी आपण जगतो, वावरतो, आहोत. इथे ‘देव आपल्यात’ असं नसून ‘आपण देवात’ असं आहे, एवढं फक्त ध्यानात ठेवा. हे असणं सगळ्यांना सारखंच लागू : संताला, चोराला, दगडाला.

गफलत होते ती ‘वास’ या शब्दापाशी. ख्रिस्ती माणूस जेव्हा म्हणतो की देव माझ्यात वास करतो, तेव्हा तो वरची गोष्ट पुन्हा सांगत नसतो. देव राहायला आला, असं त्याला म्हणायचं असतं. येणं आलं म्हणजे आधी तो तसा तिथे नव्हता हेही आलं. आणि सर्वव्यापी देव ‘नव्हता’ कसा, इथेच माणूस अडखळतो. अडखळायलाच हवं.

याचा उलगडा यरुशलेमच्या मंदिरात होतो. शलमोन राजा मंदिर बांधतो, देवाच्या आज्ञांच्या पाट्यांचा पवित्र कोश, म्हणजे पेटी, आत नेऊन ठेवतात आणि ढग मंदिर असं व्यापतो की याजकांना उभं राहून सेवा करता येत नाही. देव राहायला आला. आणि त्याच प्रसंगी शलमोन प्रार्थनेत म्हणतो, आकाशांच्या आकाशातही तू मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घरात कसा मावशील? एकाच माणसाने, एकाच समारंभात, दोन्ही म्हटलं. त्याला त्यात विसंगती वाटली नाही, कारण मावणं वेगळं आणि वस्ती करणं वेगळं.

काही शतकांनी यहेज्केल संदेष्ट्याला दृष्टान्तात याच्या उलट दिसतं. देवाचं तेज जागचं उठतं. आधी करूबांवरून, म्हणजे पंखवाल्या स्वर्गीय प्राण्यांवरून, मंदिराच्या उंबरठ्यावर. मग उंबरठ्यावरून पूर्वेच्या वेशीपाशी. मग शहर सोडून पूर्वेकडच्या डोंगरावर जाऊन थांबतं. पाय निघत नसल्यासारखं, टप्प्याटप्प्याने. भिंती उभ्याच असतात, पण घर रिकामं झालेलं असतं. इसवी सनपूर्व 586च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याने मंदिर जाळलं, तेव्हा जळली ती सोडलेली वास्तू. या सगळ्यात देव सर्वव्यापी राहिला नाही का? राहिला, अगदी त्या जळत्या वाशांतही. राहायला मात्र नव्हता.

चराचरात असणारा देव कुठून जाऊ शकत नाही. वस्तीला आलेला जाऊ शकतो. म्हणून दाविद राजाच्या नावावरच्या 51व्या स्तोत्रात ‘तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नकोस’ अशी काकुळती आहे. त्याच्या आधीच्या शौल राजावरून तो आत्मा निघून गेलेला दाविदाच्या डोळ्यांसमोर होता. सर्वव्यापित्व काढून घेऊ नकोस, अशी विनवणी कुणी करत नाही.

हे मी माझ्या पदरचं सांगतोय असं वाटायला नको. 417च्या सुमारास ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने एका पत्रात हाच प्रश्न सोडवायला घेतला : देव सगळीकडे पूर्णपणे आहे, पण सगळ्यांत राहत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने त्याची व्यवस्थित मांडणी केली. आपल्या तत्त्वाने, सामर्थ्याने आणि नजरेने देव प्रत्येक वस्तूत आहे, पण माणसात तो आणखी एका तऱ्हेने असू शकतो : जाणणाऱ्याच्या मनात ज्याला जाणलं तो असतो तसा, प्रेम करणाऱ्याच्या मनात प्रिय असतो तसा. दगडात देव आहे, पण दगडाची त्याच्याशी ओळख नाही.

गंमत म्हणजे गोंधळ उलट बाजूनेही होतो. सोळाव्या शतकातली स्पेनची संन्यासिनी तेरेसा लिहिते की देव सर्व वस्तूंत असतो हे तिला आधी ठाऊकच नव्हतं, आणि प्रार्थनेत मात्र तो अगदी हजर जाणवे. अर्धवट शिकलेल्यांनी तिला सांगितलं, तो फक्त कृपेने, म्हणजे ज्याच्यावर कृपा केली त्याच्यातच असतो, एरवी नसतो. तिला ते पटेना. शेवटी डोमिनिकन संघाच्या एका विद्वानाने शंका फेडली की तो खरोखरच हजर असतो. म्हणजे ‘वास’ पक्का ठाऊक असलेल्या माणसांनी सर्वव्यापित्वच गमावलं होतं! अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले दोन्हीकडे सापडतात.

आता मराठीची खास अडचण. ‘आत्मा’ म्हटलं की आपल्याला माझा आत्मा, जीवात्मा ऐकू येतो. मग ‘पवित्र आत्मा तुमच्यात राहतो’ याचा अर्थ ‘तुमचा आत्मा मुळात पवित्र आहे’ असा लावला जातो, आणि गाडी थेट ‘तूच तो आहेस’पर्यंत जाते. ख्रिस्ती वाक्यात मात्र दोघं आहेत. रोमकरांच्या पत्रात पौल म्हणतो, तो आत्मा आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो. ‘बरोबर’ म्हटल्यावर दोघं आलेच. इफिसकरांना तो बजावतो की पवित्र आत्म्याला दुःख देऊ नका. घरातल्या माणसाला दुखवता येतं, स्वतःच्या मूळ स्वरूपाला कसं दुखवणार? गलतीकरांच्या पत्रातलं ‘आता मी जगत नाही, ख्रिस्त माझ्यात जगतो’ हे वाक्य अद्वैताचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केलं जातं, पण ते निम्म्यात तोडून. लगेच पुढे तो म्हणतो, आता देहात मी जे जगतो ते विश्वासाने जगतो. ‘मी’ शिल्लक आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत तर माणसाने देवासारखं होण्याची भाषा सर्रास चालते, तरी त्यांची आवडती उपमा विस्तवातल्या लोखंडाची : लालबुंद होतं, चटका देतं, आणि लोखंडच राहतं.

अद्वैताचा आणि ख्रिस्ती वासाचा, या दोन्ही विचारांत कोणता खरा, याचा निवाडा मी करत नाही. एकात आधीच असलेलं ओळखायचं असतं, दुसऱ्यात नसलेलं मिळतं. शोध आणि देणगी यांत जेवढा फरक, तेवढा हा.

वास पहिल्यांदा सुरू होतो त्याचं म्हणून दाखवलं जाणारं ‘हृदयाचं दार ठोठावणारा येशू’ हे चित्रही मला खटकतं. ‘मी दाराशी उभा आहे’ हे प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं वाक्य लावदिकीयाच्या मंडळीला, म्हणजे आधीच ख्रिस्ती म्हणवणाऱ्या लोकांना लिहिलेलं आहे. आणि ‘पाहुणा’ हा शब्द तर नकोच. पाहुणा जायला येतो. योहानाच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात पिता आणि पुत्र येऊन ‘वस्ती करतील’ असं आहे.

हा वास सुरू कधी होतो, बाप्तिस्म्याने की विश्वास ठेवल्या क्षणी, यावर पंथापंथांत जुना वाद आहे. पित्याचा, ख्रिस्ताचा की आत्म्याचा वास, यावर डोकं शिणवू नका. तिन्ही तऱ्हेने लिहिलेलं सापडतं आणि त्रैक्याच्या, म्हणजे हे तिघे मिळून एकच देव या शिकवणीत ते एकत्रच येतं. ‘आत्म्याने भरून जाणं’ हे आणखी निराळं, येशूचा शिष्य पेत्र तर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पुन्हा पुन्हा भरतो. वास म्हणजे मात्र राहणं, प्रसंगापुरतं भरणं नव्हे.

अपवाद आहेत, आणि ते लपवू नयेत. जर्मन धर्मोपदेशक एकहार्टच्या नावावरच्या 28 विधानांवर पोपने 1329मध्ये आक्षेप घेतला. माणसाच्या आत्म्यात निर्माण न झालेलं असं काही आहे, हे त्यांतलंच एक. सतराव्या शतकातले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक प्रत्येक माणसातल्या प्रकाशाबद्दल बोलत. ‘सगळे एकच सांगतात’ म्हणणाऱ्यांनी दाखले द्यायचेच तर हे द्यावेत, लूकला सोडावं.

राहिलं पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातलं प्रसिद्ध वाक्य : तुम्ही देवाचं मंदिर आहात. तिथला ग्रीक शब्द ‘नाओस’, म्हणजे सगळं आवार नव्हे, आतली पवित्र वास्तू. आपला ‘गाभारा’ त्याच्या जवळ जातो. हे ऐकणारे लोक कसे होते? गट पाडून भांडणारे, एकमेकांना न्यायालयात खेचणारे, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकर-द्राक्षारसाच्या जेवणाला, कुणी उपाशी तर कुणी झिंगलेला. पौल त्यांची पाठ थोपटत नाहीये, कान उपटतोय. आणि मराठीत आणखी एक फसगत होते. ‘तुम्ही’ आपण एका माणसालाही आदराने म्हणतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, हे मला एकट्याला आहे. मुळात ते साधं अनेकवचन आहे. सहाव्या अध्यायात तो शरीराबद्दल वेगळं बोलतो खरा, पण तिसऱ्या अध्यायातला गाभारा एकच आहे, आणि तो त्या भांडणाऱ्या सगळ्यांचा मिळून झालेला आहे.