गाड्या गेल्या कुठे? रात्रीच्या फोटोतल्या लाल पट्ट्यांचं गणित

चतुर्थीच्या आधीची गोष्ट, पणजीत जुन्या सचिवालयाच्या समोर मांडवीकाठी मी ट्रायपॉड लावून उभा होतो आणि बाजूला एक काका गरी टाकून बसले होते, म्हणजे दोघांचंही काम एकच, वाट बघत बसायचं. वीस सेकंदांचा एक फोटो झाला, काकांनी वाकून स्क्रीन बघितली, रस्ताभर लाल-पांढरे पट्टे आणि गाडी एकही नाही. "गाडयो खंय गेल्यो रे बाब?"

मी तेव्हा "हलल्यो म्हणून दिसनात" एवढंच म्हटलं. पण प्रश्न भारी होता.

सेन्सरचा (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) प्रत्येक पिक्सेल म्हणजे पावसात ठेवलेली वाटी समजा, पावसाऐवजी प्रकाश. शटर उघडं आहे तोवर त्या जागेवरून जे काय येईल ते वाटीत जमा होत राहतं. रस्त्याकडेची भिंत वीस सेकंद तिथेच आहे, तिची वाटी नीट भरते. गाडीचा पत्रा स्वतः उजेड देत नाही, इकडचा तिकडचा थोडासा परत फेकतो आणि तोही एका जागी क्षणभरच, मग पुढची एकोणीस सेकंदं त्याच वाटीत मागचा रस्ता जमा होत राहतो आणि पत्रा त्यात विरघळून जातो. दिव्याचं तसं नाही, तो इतका प्रखर असतो की क्षणभरातही वाटीत दिसण्याएवढं ओतून जातो. म्हणून गाडी गायब, दिवा शिल्लक.

हे काही डिजिटलचं कौतुक नाही. १८३८ मध्ये लुई दागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, एक्स्पोजर (शटर उघडं राहायचा वेळ) काही मिनिटांचं, आणि फोटोत रस्ता जवळजवळ ओसाड! घोडागाड्या, माणसं सगळी पुसली गेली, ठळक उरला तो बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस. माझ्या फोटोत तसे काका उरले होते. वीस सेकंद हललेच नाहीत, मासा लागत नव्हता ना.

आता मुद्द्याचं, कारण यात मी स्वतः दोन वर्षं चुकत होतो. पट्टे फिके आले की मी शटर अजून जास्त वेळ उघडं ठेवायचो, दहाचे वीस, वीसचे तीस सेकंद, आणि आकाश नारिंगी, दिव्याचे खांब पांढरेफटक, पट्टे मात्र होते तेवढेच फिके. का ते हिशोब केला तेव्हा कळलं. २४ एमएमची लेन्स, फुल फ्रेम (३६ एमएम रुंद सेन्सरचा) कॅमेरा, आडव्यात ६००० पिक्सेल, शंभर मीटरवरून आडवी जाणारी गाडी, वेग ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. फोटोत तिचा दिवा सेकंदाला साधारण ४०० पिक्सेल सरकतो. दिवा १५ सेंटीमीटर रुंद धरला तर फोटोत तो ६ पिक्सेलचा. म्हणजे एका पिक्सेलवर तो दिवा जेमतेम १/६५ सेकंद असतो, की पुढे गेला. आता शटर दहा सेकंद उघडं ठेवा नाहीतर दहा मिनिटं, त्या पिक्सेलला त्या दिव्याकडून मिळायचं तेवढंच मिळणार (मागून त्याच लायनीत दुसरी गाडी आली तर गोष्ट वेगळी). शटरच्या वेळेने पट्टा लांब होतो, उजळ होत नाही. उजळ करायचा तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) उघडा किंवा आयएसओ (सेन्सरवरचा उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) वाढवा, किंवा गाडीवाल्याला हळू जायला सांगा, ते आपल्याकडे अवघडच.

थोडक्यात पट्ट्यासाठी अ‍ॅपर्चर, मागच्या देखाव्यासाठी शटर. मी आयएसओ १००, भोकाचा आकडा एफ ८, इथपासून सुरू करतो, पट्टे बरे दिसले की मगच शटरला हात लावतो. सूर्य बुडाल्यावरची निळी वेळ मिळाली तर सोनंच, पण गोवा विषुववृत्तापासून फक्त १५ अंशांवर, इथे सूर्य क्षितिजाखाली तडक उतरतो, वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खलास.

पट्टे जवळून बघायला अजून मजा. इंडिकेटर बंद करायला विसरलेला स्कूटरवाला पणजीत दर पाच मिनिटांनी एक मिळतो, त्याची फोटोत नारिंगी तुटक रेघ येते. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करतो, ९० धरले आणि एका तुकड्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर सात मीटरच्या आसपास भरलं तर स्कूटर साधारण ताशी ३६ ने गेली, फोटोवरूनच कळतं! फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या अमेरिकन जोडप्याने १९१४ च्या आसपास हीच युक्ती कारखान्यात वापरली होती, कामगाराच्या बोटांना लुकलुकणारे छोटे बल्ब बांधून लांब एक्स्पोजरचे फोटो काढायचे, ठिपके दाट तिथे हात हळू, विरळ तिथे जोरात. नव्या गाड्यांच्या एलईडी टेललाइटही बऱ्याचदा मंद दिसण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात, डोळ्याला पत्ता नाही, पण गाडी अगदी जवळून गेली तर फोटोत ठिपक्यांची माळ येते, आणि कधी कधी मध्येच ती सलग रेघ होते. तिथे त्याने ब्रेक मारलाय, म्हणून दिवा न विझता पूर्ण पेटलाय.

फोनवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. फोनचं अ‍ॅपर्चर बहुतेक वेळा बदलत नाही, म्हणून लाइट ट्रेल मोडमध्ये तो भराभर छोटे छोटे फोटो घेतो आणि प्रत्येक पिक्सेलसाठी त्यातला सगळ्यात उजळ तेवढा ठेवतो. चीटिंग आहे, पण चांगली.

फेरीबोटीवरून मात्र हे करू नका. मी मांडवीपलीकडच्या बेतीला जाताना केलं होतं, काठावरच्या प्रत्येक दिव्याचं गांडूळ झालं, आणि सगळी गांडुळं एकाच आकाराची. उभ्या दिव्यांच्या रेघा अशा हुबेहूब सारख्या आल्या की समजायचं, हललाय तो कॅमेरा. ट्रायपॉडवरसुद्धा बोटाने बटण दाबलं की हे होतं, दोन सेकंदांचा टायमर लावा.

आणि नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्री, गोव्यात नरकासुराचे पुतळे मिरवतात तेव्हा) फ्लॅश वापरणार असाल तर मेनूत रिअर कर्टन शोधून ठेवा. साधा फ्लॅश शटर उघडताच उडतो, माणूस तिथे गोठतो, मग तो पुढे सरकतो तशी उजेडाची रेघ त्याच्या पुढे ओढली जाते. रिअर कर्टनमध्ये फ्लॅश शेवटी उडतो, रेघ मागे राहते. मी विसरलो होतो. पाच दिवस खपून आमच्या वाड्यावरच्या पोरांनी केलेला नरकासुर माझ्या फोटोत चक्क उलटा पळतोय, आणि पोरं तो फोटो दर दिवाळीला ग्रुपवर टाकतात.